सात घरांत गेलेलं सूप

माझ्या हातचं कोंबडीचं सूप चांगलं होतं. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्यानं सांगायची वाट बघत बसायला मला वेळ नाही. घोलवडला आमची चिकूची छोटी नर्सरी आहे. सकाळी आठपासून मी खिरणीच्या रोपांवर चिकूची कलमं बांधत बसलेली असते, आणि मी बांधलेलं कलम सहसा मरत नाही, हेही मीच सांगते. नवरा म्हणतो, तुझ्या नाकावर राग आणि जिभेवर स्वतःचं कौतुक, दोन्ही कायम तयार असतात. म्हणू दे. सर्दी झाली की हाच माणूस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो आणि हळूच विचारतो, "आज काढा आहे का कोंबडीचा?"

काढा म्हटलं तरी चालेल. माझ्या सुपात मसाला नसतो, वाटण नसतं, मिरची तर नसतेच. कोंबडी गावठी लागते, तीही अंडी द्यायची थांबलेली, चांगली चिवट. ब्रॉयलरचं सूप वीस मिनिटांत होतं आणि त्याची चवही वीस मिनिटंच टिकते. हाडं थोडी ठेचायची, आलं, लसूण, मिरी, हळद आणि कोथिंबिरीच्या काड्या घालायच्या आणि पातेलं मंद आचेवर ठेवून द्यायचं. उकळ्या फुटू द्यायच्या नाहीत, पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे. वर येणारा फेस काढत राहायचा. तीन तास. शेवटी मूठभर घरचा तांदूळ घालायचा, म्हणजे पोटाला आधार होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्यांनी माझ्याकडे कृती मागायला येऊ नये.

हे सूप प्यालं की चोंदलेलं नाक मोकळं होतं, घसा शेकून निघतो, अंगात पाणी आणि मीठ जातं, आणि ज्याला घास नको असतो त्याच्या पोटात चार घोटांबरोबर कोंबडीचा कस जातो. यात जादूटोणा काही नाही. तापानं आणि औषधांनी मेलेली भूक गरम पातळ पदार्थानं हळूहळू जागी होते, एवढंच. पण हे एवढंच किती मोठं असतं, ते मला आई आजारी पडली तेव्हा कळलं.

आई तलासरीच्या अलीकडे एका पाड्यावर राहते. आठ घरांचा पाडा, सगळी भाऊबंदांचीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ आणि भावजय तिच्याबरोबर असतात. जन्मभर लोकांच्या चिकूच्या वाड्यांत मजुरी आणि स्वतःच्या तुकड्यात भात, असं करून तिनं आम्हां दोघांना शिकवलं. सत्तरी ओलांडली तरी सकाळी उठून ती आधी कोंबड्या सोडायची, मग चूल पेटवायची. मागच्या थंडीत तिला खोकला लागला. "थंडीचा हाय, जाईल," म्हणत तिनं दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी भावाचा फोन आला की आई बोलता बोलता धापा टाकते आहे. न्यूमोनिया निघाला. डहाणूच्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती, त्यातले पहिले तीन आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळत काढले.

इंजेक्शनांनी ती वाचली. हे मी स्पष्ट लिहिते, नाहीतर कुणाला वाटायचं की मी सुपाला डॉक्टरच्या खुर्चीवर बसवते आहे. पण घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. छातीतला आजार गेला, पण बाईंच्या अंगात काही उरलेलं नाही, म्हणाले. वजन चौतीस किलो. खाणं सुरू झालं नाही आणि पुन्हा असं काही झालं, तर या शरीराला दुसऱ्यांदा झेपणार नाही. मी विचारलं, काय द्यायचं? ते म्हणाले, जे पोटात राहील ते. भाताची पेज, अंडं, डाळीचं पाणी, कोंबडीचं सूप.

कोंबडीचं सूप म्हटल्यावर माझ्या अंगात वारं संचारलं. हे तर माझ्याच हातातलं काम.

आईला घोलवडला न्यायचा विचार मी बोलूनही दाखवला. तिनं ऐकूनही घेतलं नाही. माझ्या कोंबड्या कोण बघेल, म्हणाली. जशी काही भावजय त्यांना रोज उपाशी ठेवणार होती. हट्टीपणा आमच्याकडे आईकडून लेकीकडे आलेला आहे, तेव्हा मी जास्त वाद घातला नाही. एक दिवसाआड पहाटे सूप करायचं, दुधाच्या स्टीलच्या किटलीत भरून किटली जुन्या चादरीत गुंडाळायची आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून पाड्यावर पोचवायचं, असं मी ठरवलं. जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. नर्सरीत दहा वाजता गिऱ्हाइकं येतात, त्यामुळे मी पोचवलं की लगेच फिरायची. पहिल्या दिवशी आईला माझ्या हातानं पाजलं. तिनं पाच-सहा घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली.

"कसं झालंय?"

"बरं हाय," ती म्हणाली. "मना कायच कळत नाय बाय. तोंडात माती हाय नुसती."

ठीक आहे, चव नसली तर नसू दे, पोटात तर जाईल. किटलीत दोन दिवसांचं होतं. भावजयीला सांगितलं, दर दोन तासांनी गरम करून अर्धी वाटी द्यायची. तिनं मान हलवली. भावजय आमची मितभाषी. ती मान हलवते तेव्हा हो म्हणते की नुसतं ऐकलं म्हणते, हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही.

दर शुक्रवारी पाड्यावर उपकेंद्राची सिस्टर यायची. ती आईला काट्यावर उभं करायची आणि भावजय आकड्याचा फोटो काढून मला पाठवायची. पहिल्या शुक्रवारी चौतीस. मी म्हटलं, एका आठवड्यात काय होतंय? दुसऱ्या शुक्रवारीही चौतीस. तिसऱ्या शुक्रवारी साडेतेहतीस.

मी फोटो मोठा करून करून बघितला. आकडा काही बदलला नाही. पुढच्या शुक्रवारी नर्सरी बंद ठेवून मी पाड्यावर हजर झाले आणि सिस्टरला तोंडावर सांगितलं की तुमचा काटा खोटा आहे. ती बिचारी बाजूला झाली आणि मला म्हणाली, तुम्ही उभ्या राहा. मी उभी राहिले. काटा खोटा नव्हता. उलट फारच खरा होता. त्याच्यावर आई उभी राहिली तेव्हा तिच्या पावलांच्या शिरा दिसल्या आणि आकडा दिसला, तेहतीस.

तीन आठवडे मी पहाटे उठत होते. बाजारात चांगली कोंबडी मिळावी म्हणून कोंबडीवाल्याशी भांडत होते. आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग ते जात कुठं होतं? मला राग आला की विचार थांबतो आणि तोंड सुरू होतं. मी भावजयीला ओसरीवर गाठलं.

"सूप कुठं जातं?"

तिनं मला बसायला पाट सरकवला.

"किटलीभर आणते मी. दोन दिवसांत किटली रिकामी होते आणि आईचं वजन उतरतं. मग पितं कोण?"

"ताई, तुम्ही आईंनाच विचारा."

हे एवढंच म्हणाली ती. मला वाटलं, चोरी करून वर आईवर ढकलते. मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. तिच्या माहेराचाही उद्धार झाला. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. मीही रिकामी किटली उचलली आणि पाय आपटत निघाले.

पाड्याच्या तोंडाशी हातपंप आहे. तिथं शेजारची काकी पाणी भरत होती. नात्यानं आईची जाऊ, वयानं तिच्याहून चार वर्षं लहान, आणि जिभेनं दोघींत डावं-उजवं करता येणार नाही अशी. मला बघून तिनं हंडा खाली ठेवला.

"तुजं सूप चांगलं होतं हां बाय. माजा गुडघा बग कसा हलका झाला. आता मी खाली बसते न् उठते."

मी तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात पलीकडच्या घरातला म्हातारा काका अंगणातून ओरडला, "माजा पन खोकला गेला! सांग तिला!" त्याच्या सुनेनं सांगितलं की तिचं लेकरू हल्ली भात मागून मागून खातं, त्याला ते सूप फार आवडतं. आणखी एक वहिनी पुढं आली. तिला बाळंतपणानंतर चक्कर यायची, ती म्हणे थांबली.

एकेका घराची तब्येत ऐकत मी त्या पंपाजवळ उभी होते. अख्खा पाडा सुधारला होता, आईला सोडून. माझ्या सुपाचा गुण यापेक्षा चांगला कुणी सिद्ध करून दाखवला नसता.

आणि चोर सोडून मी संन्याशाला फाशी देऊन आले होते. मी तशीच उलटी फिरले.

आई खाटेवर बसून तांदळातले खडे निवडत होती. मी समोर उभी राहिले.

"तू सूप पाड्यावर वाटतेस?"

"वाटा पाठवते."

"सातही घरांत?"

"मंग काय चार घरांत पाठवू न् तीन घरं सोडू?"

मग सगळं बाहेर आलं. किटली आली की आई ती चुलीवर ठेवायला लावायची, त्यात तांब्याभर गरम पाणी ओतायला लावायची, म्हणजे सगळ्यांना पुरावं. मग भावजयीनं पदराखाली वाट्या झाकून सात घरी द्यायच्या. सगळ्यांना सांगायचं की खूप आहे, आईनं पोटभर घेतलं. खाली जे उरायचं, ते आईचं. म्हणजे हळदीचं पाणी आणि चार शितं. भावजयीनं दोनदा विरोध केला होता. आईनं तिला शपथ घातली होती की ताईला सांगायचं नाही.

आमच्या पाड्यावर कोंबडी ही अशी रोज खायची गोष्ट नाही. पाहुणा आला, देवाचं काही असलं, जावई आला, नांगरणीला माणसं आली, तेव्हा कोंबडी कापतात. आणि कापली की प्रत्येक घरात वाटी जाते. न मागता जाते आणि न मोजता येते. मी हे बघतच मोठी झाले. घोलवडला जाऊन वीस वर्षं दार बंद करून जेवायची सवय लागली आणि मी हे चक्क विसरले. आजाऱ्यासाठी आणलेलं सूप वाट्यात जाईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सगळ्या पाड्यात ही चूक करणारी मी एकटीच निघाले.

पण हे शहाणपण आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी ओरडले.

"तू आजारी आहेस, आई! आजारी माणसाच्या औषधाचा कुणी वाटा काढतं का?"

"कोंबडीचा वास पाड्यात गेला न् वाटी नाय गेली, असं या घरात कंदी झालं नाय."

"पण तू मरशील अशानं!"

"मी आजारी हाय," आई म्हणाली. "घर नाय आजारी."

 मग मी जे करू नये ते केलं. मी बाहेर अंगणात गेले आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की उद्यापासून या घरातून कुणी वाटी घ्यायची नाही, ते सूप आजारी माणसाच्या तोंडचं आहे, माझ्या आईचं वजन तेहतीस किलो झालं आहे. पंपावरच्या बायका जागच्या जागी थांबल्या. काका अंगणातून उठून घरात गेला. काकी हंडा उचलत म्हणाली, "आमाला ठावं नव्हतं. तुजी आय बोलली, खूप हाय." आणि माझ्याकडे न बघता चालू लागली.

मला वाटलं, झालं, मामला मिटला. घरी येऊन नवऱ्याला मोठ्या ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करून आलीस." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि तो फार बरोबर बोलला होता.

त्या दिवशी संध्याकाळी आई भिंतीकडे तोंड करून झोपली. पेज घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, फक्त गोळ्यांपुरतं पाणी. भावानं फोन केला तेव्हा त्याचा आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. "ताई, तू काय बोललीस तिला? ती म्हणते, सात घरांसमोर मला भिकारी केलं." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उद्या दुपारपर्यंत काही पोटात गेलं नाही तर घेऊन या, सलाइन लावावं लागेल. आणि थोडं थांबून म्हणाले की अशा अशक्त माणसाला पुन्हा दवाखान्यात आणायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन गेले. वाटेत ठरवलं होतं की पाय धरायचे. आधी भावजयीकडे गेले. ती चुलीपुढे होती. "चुकलं माझं," मी म्हटलं. असं वाक्य माझ्या तोंडून निघायला फार वर्षं लागली होती, त्यामुळे ते जरा जोरातच निघालं. ती दचकली आणि मग म्हणाली, "तुम्ही आधी आईंकडे बघा." मी आईजवळ बसले, सूप वाटीत काढलं, सॉरी म्हटलं, रागावले, विनवलं. तिनं डोळे उघडले नाहीत. हात धरला तर एवढासा लागला. कलमाची काडी सुकते तेव्हा आधी तिची साल हाताला सैल लागते. तसा तो हात होता आणि मला खरंच भीती वाटली. माझ्या तोंडामुळे माझी आई जाणार, हे मी तेव्हा मनात अगदी या शब्दांत म्हटलं.

तेवढ्यात दारात काकी आली. हातात वाटी, वर ताटली झाकलेली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. सरळ खाटेपाशी आली.

"काल आमच्यात कोंबडी कापली. हा वाटा."

आईनं डोळे उघडले.

"कोन पावना आला?"

"कोन नाय."

"मंग कापली कशाला?"

"माजी कोंबडी, माजी मर्जी. वाटा घेते का परत नेऊ?"

आलेला वाटा परत पाठवला तर ते घर तोडल्यासारखं होतं. आमच्याकडे भांडण झालेली माणसंसुद्धा वाटा घेतात, मग पुन्हा भांडतात. आईला हे माझ्यापेक्षा आणि काकीपेक्षाही जास्त चांगलं माहीत होतं. ती कोपरावर उठली. मी उशी लावायला गेले तर काकीनं मला हातानंच बाजूला केलं आणि स्वतः लावली.

"वाटी रिकामी करून दे," ती म्हणाली. "घरात वाट्या मोजक्या हायेत. मी बसलेय."

आणि ती खरंच मांडी घालून समोर बसली, हलक्या झालेल्या गुडघ्यानं. त्या सुपाला लाल तर्री होती. मिरची! डॉक्टरांनी नको सांगितलेली. मी तोंड उघडलं. काकीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. आईनं एक घोट घेतला, खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा घेतला. अर्धा तास लागला. वाटीत हाडांखेरीज काही उरलं नाही. पोटातही राहिलं. दुपारी डॉक्टरांना फोन करून मी सांगितलं की सलाइन नको.

पहिले तीन दिवस काकीच वाटी घेऊन आली, मग पलीकडच्या काकाच्या घरून वाटी आली. त्यानंतर बाळंतपणवालीच्या घरून. पाड्यानं आपापसात पाळी लावली होती, एकेका घराची तीन-तीन दिवस; मी आता किटलीशिवायच जायची. कधी बसले, कुणी ठरवलं, मला कुणीच सांगितलं नाही, आणि ज्या थाटात मी अंगणात उभी राहून बोलले होते त्यानंतर त्यांनी सांगावं तरी कशाला? रोज पाळीच्या घरातून वाटी यायची आणि वाटीबरोबर त्या घरातली एक बाई, जी वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नाही. कुणाच्या सुपात शेवग्याचा पाला असायचा, कुणाच्या सुपात नाचणीचं पीठ लावलेलं. कुणी लसूण एवढा घालायचं की ओसरीपर्यंत वास यायचा. एका घरी कोंबड्याच नव्हत्या, मरीच्या साथीत मेल्या होत्या. त्यांनी दोन अंडी मागून आणली आणि आल्याच्या उकळत्या पाण्यात फोडून आणली. वाटा तो वाटा. त्या बाईनं ती वाटी अशी ताठ मानेनं आईच्या हातात दिली की मला माझ्या किटलीची लाज वाटली.

या बायकांच्या घरी कोंबडी म्हणजे अडीनडीला विकायची वस्तू. तेलमीठ तिच्यातून येतं, पोराची वही येते. त्या कोंबड्या त्यांनी माझ्या आईसाठी एकेक करून कापल्या. कुणी हे बोलून दाखवलं नाही. मी बोलते, कारण मला या पाड्याचा अभिमान आहे आणि तो मला मनात ठेवता येत नाही. मी त्या मातीतली आहे, हे मी घोलवडला आता जास्त मोठ्यानं सांगते.

एकदा मात्र मला राहवलं नाही. काकीला म्हटलं, मिरची जरा कमी घाला, आणि उकळी मंद ठेवली तर कस जास्त उतरतो. ती म्हणाली, "तू कलमं बांध."

शुक्रवारी फोटो आला. चौतीस. पुढच्या शुक्रवारी साडेचौतीस. मग पस्तीस आणि वर थोडं. मी ते फोटो नर्सरीत आलेल्या गिऱ्हाइकांनाही दाखवले. एका बाईनं विचारलं, हे तुमच्या मुलीचं वजन का? मी म्हटलं, आईचं. ती जरा गोंधळली. कुणाच्या आईचं वजन वाढल्याचा असा आनंद तिनं पूर्वी बघितला नसावा. आई आता भिंतीला धरून अंगणापर्यंत यायला लागली होती. वाटी आली की मुकाट्यानं प्यायची. प्रत्येक सुपाला तिचं एकच उत्तर असायचं, "बरं हाय." मिरचीचंही बरं आणि लसणाचंही बरं. पोटात जात होतं, पण तोंडातली माती तशीच होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू चव, काहींना फार दिवस लागतात.

मग एके दिवशी काकीचा फोन आला. हॅलो वगैरे काही नाही.

"सात घरं झाली. रविवारी तुजी पाळी. येल चुकवू नको."

तिनं फोन ठेवला. मला वाटायचं, मी त्या पाड्यातून उठले. त्यांनी मला एक घर धरलं होतं.

शनिवारी मी तीन कोंबडीवाल्यांसकट सगळा बाजार पालथा घातला. रविवारी सकाळी पातेल्यापुढून हलले नाही. नवरा दोनदा डोकावून गेला, त्यालाही थेंब दिला नाही. या वेळी मोठं पातेलं केलं होतं, आठ घरांना पुरेल असं, वरून पाणी न घालता. पाड्यावर पोचले तर आईच्या अंगणात सगळ्या बायका आधीच जमलेल्या. आई खाटेवर नाही, भिंतीला टेकून खाली चटईवर बसलेली. भावजयीनं वाट्या मांडल्या. पहिली वाटी मी आईच्या हातात दिली आणि बाकीच्या बायका, वाटा मिळायच्या आधी, तिच्याकडे बघत थांबल्या.

आईनं घोट घेतला. मग थांबली. जीभ टाळ्याला लावून पुन्हा एक घोट घेतला. तिनं तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मीठ कमी हाय."

मला आधी रागच आला. तीन तास पातेल्यापुढे बसून, एवढ्या बायकांसमोर, माझ्या सुपाला नाव? मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बघितलं तर काकीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे डोळे भरले होते. भावजय माझ्याकडे बघून हसत होती, बारा वर्षांत पहिल्यांदा मला तिचं हसणं नीट कळलं. आणि मग मलाही कळलं की आई काय म्हणाली होती.

मी तिच्या गळ्यात पडले. वाटी हिंदकळली, सूप तिच्या लुगड्यावर सांडलं, आणि मी सगळ्या पाड्यासमोर मोठ्यानं रडले. आईनं एका हातानं वाटी सावरली आणि दुसऱ्या हातानं मला ढकललं.

"सर बाजूला," ती म्हणाली. "आदी मीठ आन."